व्हिस्ट : साध्या डावाचा अभ्यास कसा झाला

मेंढीकोट खेळणाऱ्याला व्हिस्ट या पत्त्यांच्या डावाचे नियम सांगायला पाच मिनिटे पुरतात. चौघे खेळाडू, भिडू समोरासमोर, प्रत्येकाला १३ पाने. वाटणारा स्वतःचे शेवटचे पान उघडे टाकतो आणि त्याच रंगाचा हुकूम ठरतो. उतारीचा, म्हणजे पहिल्या टाकलेल्या पानाचा, रंग हातात असेल तर तोच टाकायचा; नसेल तर हुकमाने मारायचे किंवा नको असलेले पान फेकायचे. १३ पैकी सहाच्या वर जितके हात होतील तितके गुण. बोली नाही, आणि भिडूशी चकार शब्द बोलायचा नाही. इतक्या साध्या डावासाठी इंग्लंडमध्ये पुढे शिकवण्या चालल्या आणि जाडजूड ग्रंथ निघाले. ते का घडले, हे समजले की व्हिस्ट शिकणे म्हणजे काय, हेही समजते.

व्हिस्टचा पूर्वज ‘ट्रायम्फ’ नावाचा डाव. १५२९ साली ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने केंब्रिजमधल्या प्रवचनांत त्याचा दाखला दिला होता, म्हणजे तो घरोघरी माहीत असणार. १६७४ मध्ये चार्ल्स कॉटनने खेळांवरच्या आपल्या पुस्तकात व्हिस्टबद्दल लिहिले की इंग्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक आठ वर्षांच्या मुलाला तो बऱ्यापैकी येतो. तोवर तो कोणी मुद्दाम शिकत नव्हते. घरात बघून बघून येत होता.

हे बदलले लंडनमध्ये. १७२८ च्या सुमारास बेडफर्ड रोवरच्या क्राउन कॉफी हाउसमध्ये काही सरदार-उमराव मंडळी नेमाने व्हिस्ट खेळू लागली आणि त्यांनी आपापसांत काही सूत्रे ठरवली : ज्या रंगात हात भक्कम त्यातून उतारी करा, स्वतःच्या पानांइतकाच भिडूच्या पानांचा विचार करा, त्याला विनाकारण अडचणीत आणू नका, गुणांकडे लक्ष ठेवा. आजही नवशिक्याला यापेक्षा चांगले काही सांगता येईल, असे मला वाटत नाही.

मग आले एडमंड हॉईल. ते श्रीमंतांना व्हिस्टची शिकवणी देत. १७४२ मध्ये त्यांनी व्हिस्टवर छोटेसे पुस्तक छापले. किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. लगेच चोरट्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा अस्सल प्रत ओळखता यावी म्हणून हॉईल प्रतींवर सही करू लागले. पुस्तकाचे खरे मोल त्यातल्या हिशोबात होते. एखादे विशिष्ट पान भिडूकडे नसण्याची शक्यता दोनास एक. पण दोन विशिष्ट पानांपैकी निदान एक तरी त्याच्याकडे असण्याची शक्यता साधारण पाचास चार. आधी जे नशिबावर सोडले जाई, त्याचा अंदाज बांधता येतो, हे हॉईलनी सामान्य खेळाडूला पटवून दिले.

एकोणिसाव्या शतकात ओढ दुसऱ्याच प्रश्नाकडे वळली : न बोलता भिडूला सांगायचे कसे? गरज नसताना आधी मोठे पान आणि मग लहान पान टाकले, तर त्याचा अर्थ ‘हुकमाची उतारी कर’. ही खूण लॉर्ड हेन्री बेंटिंक यांच्या नावावर सांगितली जाते. (भारताचे गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांचे हे पुतणे.) काही जुन्या खेळाडूंना असले संकेत मुळीच रुचले नाहीत. मला मात्र व्हिस्ट इथेच मोठा झालेला दिसतो. टाकलेले प्रत्येक पान हात जिंकायचा प्रयत्न तर असतेच, पण भिडूला पाठवलेला निरोपही असते, आणि तो निरोप शत्रूपक्षासमोर उघडपणे द्यावा लागतो.

हेन्री जोन्स या डॉक्टरने ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने १८६२ मध्ये या विचारांची नीट मांडणी केली. त्याआधी १८५७ साली त्याने लंडनमध्ये एक प्रयोग केला होता. तीच पाने दोन टेबलांवर खेळवली; प्रत्येक टेबलावर एक तरबेज जोडी आणि एक कच्ची. एका टेबलावर ती तरबेज जोडीकडे गेली, दुसऱ्यावर कच्च्या जोडीकडे. दोन्हीकडे तरबेजच जिंकले. नशीब वगळून कौशल्य मोजण्याची हीच पद्धत पुढे व्हिस्टमधूनच निघालेल्या ब्रिज या डावाच्या स्पर्धांनी घेतली.

या मंडळींत मला सर्वांत जवळचे वाटतात विल्यम पोल. पेशाने इंजिनियर, शिवाय संगीताचे जाणकार. १८४४ मध्ये ते मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात इंजिनियरिंगचे प्राध्यापक म्हणून आले आणि इथल्या विद्यार्थ्यांसाठी त्या विषयाचा अभ्यासक्रम त्यांनी मुळापासून उभा केला. तब्येतीमुळे त्यांना काही वर्षांतच परतावे लागले. पुढे १८६४ मध्ये त्यांनी व्हिस्टचे शास्त्र लिहिले. समोरासमोरच्या दोघांनी आपली २६ पाने एकाच हातात असल्यासारखी खेळायची, हा त्याचा गाभा. सुटे नियम पाठ करवण्याऐवजी त्यांनी त्यामागचे कारण समजावले, त्यामुळे नवशिक्याला ते अजूनही उपयोगी पडतात.

१८९० च्या दशकात लंडनच्या क्लबांमध्ये ब्रिज आला आणि थोड्याच वर्षांत व्हिस्टची टेबले ओस पडली. पुढे त्यात आलेल्या बोलीमुळे नवा डाव जास्त रंगतो, हे खरेच. तरी हात कसा करायचा, उतारी कशी करायची, भिडू कसा वाचायचा, हे सगळे ब्रिजने व्हिस्टकडूनच घेतले. ब्रिटनच्या गावांत देणग्या गोळा करण्यासाठी ‘व्हिस्ट ड्राइव्ह’, म्हणजे अनेकांनी जमून व्हिस्ट खेळायचे मेळावे, पुढेही भरत राहिले. लहान मुले ‘नॉकआउट व्हिस्ट’ शिकतात : पहिल्या डावात प्रत्येकी सात पाने, मग सहा, मग पाच, आणि ज्याचा एकही हात होत नाही तो बाद.