माळ तुटते तेव्हा

ऑगस्टमध्ये पावसाने दोन दिवस उघडीप दिली की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत माळीकाका गवत कापायचं मशीन काढतात. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी खिडकीतून त्या कापलेल्या गवताचा वास घरात आला आणि त्याच वेळी दारातून बेकनचा. समोरच्या ईस्ट इंडियन आंटी आयसी कॉलनीतल्या कोल्ड स्टोरेजमधून बेकन आणतात आणि चर्चहून आल्या की तव्यावर टाकतात. एक वास हिरवा, ओला, दुसरा खरपूस. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि त्या सकाळी मला फार आनंद झाला, कारण इतक्या वेगळ्या वाटणाऱ्या या वासांची एक वाट समान आहे. दोन्हीकडे स्निग्ध पदार्थाची एक लांब माळ तुटत असते.

वास म्हणजे हवेतून नाकापर्यंत पोचलेले रेणू. तेलाचा रेणू म्हणजे एका खुंटीला अडकवलेल्या तीन माळा. त्या माळा म्हणजे मेदाम्लं, आणि प्रत्येकीत बहुधा १६ किंवा १८ कार्बनचे मणी. एवढा ऐवज हवेत उडत नाही, म्हणून रिफाइंड तेलाची नवी पिशवी फोडली तर वास जवळजवळ येतच नाही. पण माळ तुटून सहा, नऊ किंवा दहा मण्यांचा तुकडा सुटा झाला की तो हलका तुकडा उडतो. माळेतल्या काही कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन शिरतो तो त्यांच्याच आसपास, आणि माळ तुटते तीही तिथेच.

गवताच्या पात्यात लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं. १८ कार्बन, तीन दुहेरी बंध. पातं शाबूत असताना ही माळ आणि तिला तोडणारी विकरं (एन्झाइम्स) एकमेकांपासून दूर असतात. मशीनच्या पात्याने पेशी फुटल्या की त्यांची गाठ पडते. एक विकर माळेवर ऑक्सिजन बसवतं, दुसरं तिथेच तिला तोडतं, आणि सहा कार्बनचा हेक्सेनाल नावाचा तुकडा काही सेकंदांत हवेत जातो. कापलेल्या गवताचा तो ताजा वास मुख्यतः याचा आणि यापासून बनणाऱ्या भावंडांचा. हवेच्या अब्जावधी रेणूंमध्ये एखाद-दुसरा असला तरी आपल्या नाकाला तो कळतो.

झाडाला या वासाचा उपयोग काय, याचं एक उत्तर मला नेहमी थक्क करतं. अमेरिकेतल्या रानटी तंबाखूवर एक जाडजूड हिरवी अळी असते. तिने पान कुरतडलं की पानातून हाच हेक्सेनाल सुटतो. पण अळीच्या लाळेतला एक घटक त्याचा दुहेरी बंध एक घर सरकवतो. मणी तेवढेच, रचना निराळी, आणि म्हणून वासही निराळा. नुसतं पान फाटलं तर एक वास, अळीने खाल्लं तर दुसरा. या अळ्या ज्यांतून निघतात ती अंडी आणि लहान अळ्या खाणारे छोटे ढेकणासारखे कीटक हा दुसरा वास ओळखून त्या पानावर येतात. २०१० साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. अळी आपला ठावठिकाणा स्वतःच्या लाळेनेच सांगते.

काकडीचंही असंच. अख्खी काकडी नाकाला लावली तर फारसं काही कळत नाही, कापली की घरभर. इथे माळ निराळ्या ठिकाणी तुटते आणि तुकडा नऊ कार्बनचा निघतो. खमंग काकडीसाठी काकडी किसण्याऐवजी चोचवावी असं माझी आजी सांगायची. चोचवलेली काकडी दाताखाली येते तेव्हा उरलेल्या पेशी तोंडातच फुटतात, आणि तो वास घशाच्या मागून नाकात चढतो. मला वाटतं, आजीच्या आग्रहामागे हेच होतं.

आता आंटींचा तवा. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं मांस, मीठ आणि नायट्राइट लावून मुरवलेलं आणि बहुतेकदा धुरी दिलेलं. ते तव्यावर टाकलं की आधी पाणी उडतं. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि तोवर बेकन नुसतं शिजतं, खरपूस होत नाही. पाणी सरलं, पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास गेला, की दोन गोष्टी जोरात सुरू होतात. एक म्हणजे प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि शर्करा यांची अभिक्रिया. फ्रेंच वैज्ञानिक लुई कामिय मेयार याने १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाकरीवरचे तपकिरी डाग, भाजलेले दाणे, भाजलेला रवा, सगळीकडे हीच. दुसरी म्हणजे चरबीच्या माळा तुटणं. गवतात विकरांनी जे थंडपणे केलं ते इथे उष्णता आणि ऑक्सिजन करतात, फक्त तितक्या नेमकेपणाने नाही. माळ दुहेरी बंधांच्या आसपास कुठेही तुटते, तुकडे नाना तऱ्हेचे निघतात, आणि ते मेयारच्या रेणूंशीही जुळतात. बेकनच्या वासात म्हणून इतके पदर असतात.

नायट्राइटचं काम रंग गुलाबी ठेवण्यापुरतं नाही. ते बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना रोखतं आणि चरबीचं नको तेवढं ऑक्सिडीकरणही आवरतं. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फार तापवल्यावर त्यापासून नायट्रोसमाइन्स ही कर्करोगाशी जोडली जाणारी संयुगं तयार होतात, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रविवारी दोन पट्ट्या मंद आचेवर आणि न करपवता, ही आंटींची पद्धत मला पटते.

बेकन न खाणाऱ्यांनी वड्याची कढई घ्यावी. स्टेशनबाहेर डोळे मिटून उभं राहिलं तरी वडे तळले जाताहेत हे कळतं, त्यात दहा कार्बनच्या डेकाडायएनालचा वाटा मोठा. ही लिनोलेइक आम्लाची तुटलेली माळ (गवतातलं लिनोलेनिक वेगळं, हे त्याचं दोनच दुहेरी बंधांचं भावंड).

आणि हीच तुटातूट कपाटातल्या डब्यात, कुणी न मागता, हळूहळू झाली की आपण तिला खवट म्हणतो. पावसाळ्यात विसरलेल्या दाण्याच्या कुटाला येणारा वास मुख्यतः हेक्सानालचा, म्हणजे गवतातल्या त्या हेक्सेनालच्या सख्ख्या भावाचा. जवसात तर गवतातलंच लिनोलेनिक आम्ल, तेलाच्या निम्म्याहून जास्त, म्हणून जवसाची चटणी थोडीथोडीच करावी. खोबरेल तेलातल्या सुमारे नव्वद टक्के माळांना दुहेरी बंधच नाहीत, ते त्यामानाने खूप टिकतं.

माळा नुसत्या तुटत नाहीत, एकमेकींत गुंततातही. शिवाजी पार्कवर खेळायला जाण्याआधी माझा भाऊ नव्या बॅटला जवसाचं तेल पाजायचा आणि ती आडवी ठेवून द्यायचा. काही दिवसांत तेल चिकटायचं थांबायचं, कारण हवेतल्या ऑक्सिजनने त्याच्या माळा एकमेकींना जोडून लाकडात घट्ट जाळं विणलेलं असायचं. स्वयंपाकघरातल्या एग्झॉस्ट फॅनच्या पात्यांवरचा तपकिरी चिकटा तसाच तयार होतो. नुसत्या पाण्याने तो हलत नाही, पण खुंटी आणि माळेमधला सांधा धुण्याच्या सोड्यासारखी अल्कली तोडू शकते. दिवाळीच्या आधी मी पाती गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवते. मग घासणीच्या चार हातांत पात्याचा मूळ रंग दिसू लागतो.