जाळ्यातले गट कसे शोधतात : पार्श्वभूमी

कंद कुणाकडून आणले, अडीनडीला पैसे कुणाकडे मागता, माल कोणत्या व्यापाऱ्याला देता? जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातल्या एखाद्या गावात एवढे विचारले तरी कोण कुणाशी जोडलेले आहे याचा तक्ता तयार होतो. त्यातून गट काढायचे म्हटले की खरी कटकट सुरू होते, कारण गट कशाला म्हणायचे यावर एकमत कधीच नव्हते.

जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये माणसे ठिपक्यांनी आणि संबंध रेषांनी दाखवले. गट नजरेनेच ओळखायचे. ठिपके वाढले की चित्राचा नुसता गुंता होतो.

ल्यूस आणि पेरी यांनी १९४९ मध्ये कडक व्याख्या दिली: निदान तिघे, आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी परस्पर संबंध. गणिताला सोयीची, गावात मात्र एक दुवा नोंदवायचा राहिला तरी गट फुटतो. ‘तीनच नावे सांगा’ असे विचारले असेल, तर चौघांपेक्षा मोठा गट निघूच शकत नाही! ही मर्यादा प्रश्नावलीची. ती गावाच्या माथी मारू नये.

१९७१ मध्ये लोरेन आणि व्हाइट यांनी वेगळाच प्रश्न विचारला: कुणाचे स्थान सारखे आहे? सावद्याच्या एकाच व्यापाऱ्याला माल देणारे दहा शेतकरी एकमेकांना ओळखतही नसतील, पण या हिशेबात ते एकत्र येतात. घनदाट दुवे शोधणारी पद्धत त्याच व्यापाऱ्यालाही त्यांच्यात बसवते. दोन्ही उत्तरे बरोबर. फक्त एकाच्या जागी दुसरे वाचू नये. १९७५ ची ‘कॉनकॉर’ पद्धत याच वाटेची. तक्त्यातल्या स्तंभांचे सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात, पुन:पुन्हा काढत ती जाळ्याचे दोन भाग करते, मग मुळात दोन भाग असोत वा नसोत.

झॅकरी यांचा १९७७ चा एका कराटे क्लबचा अभ्यास आजही कसोटीचा दगड आहे. भांडणानंतर ३४ सदस्य दोन बाजूंना विभागले गेले. दुव्यांवरून काढलेले उत्तर एकाच सदस्याबाबत चुकले. त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर होती, म्हणून तो प्रशिक्षकाच्या बाजूला गेला. असे कारण दुव्यांच्या तक्त्यात येत नाही.

गर्व्हन आणि न्यूमन यांनी २००२ मध्ये माणसामाणसांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी सर्वाधिक ज्यावरून जातात तो दुवा आधी तोडायला सांगितले. प्रत्येक तोडीनंतर आकडे नव्याने काढावे लागतात, म्हणून मोठ्या जाळ्यात ही पद्धत रखडते. २००८ ची ‘लूवॅं’ वेगवान आहे. ती ‘मॉड्युलॅरिटी’ वाढवत जाते, म्हणजे गटातले दुवे योगायोगाने अपेक्षित दुव्यांहून किती जास्त, ते पाहते. पण या मापाला छोटे गट दिसत नाहीत, हे २००७ मध्येच दाखवले गेले होते: २०० दुव्यांच्या जाळ्यात साधारण १० पेक्षा कमी अंतर्गत दुव्यांचे गट शेजाऱ्यांत मिसळू शकतात. शिवाय ‘लूवॅं’मध्ये माणसे तपासण्याचा क्रम बदलला की निकालही बदलू शकतो. म्हणून क्रम बदलत अनेकदा चालवावी, दर वेळी एकत्र राहणाऱ्या जोड्या टिपाव्यात आणि कंद, पैसा, व्यापार यांची जाळी आधी वेगवेगळी तपासावीत.