गाळ नव्हे, काठच बदलतो

अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं की आपल्याकडे एकच चित्र रंगवलं जातं: ठिबकच्या नळीत शेवाळ धरावं तशी नसेत चरबी धरली. त्यातूनच लसूण, आलं, लिंबू आणि मधाचा ‘नसा मोकळ्या करणारा’ काढा मोबाइलवर फिरत राहतो. पण चरबी नळीच्या पोकळीत चिकटलेली नसतेच. ती भिंतीच्या अस्तराखाली शिरलेली असते आणि जिवंत पेशींनी पोटात भरून घेतलेली असते. ती धुऊन काढेल असा काढा नाही. त्याच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करणं जिवावर बेतू शकतं.

भिंतीत चरबी साठण्याच्या या रोगाची सुरुवात रुग्णात पाहता येत नाही, कारण तो दवाखान्यात येतो तेव्हा पुष्कळ वर्षं उलटलेली असतात. साध्या उंदराला हा रोग सहसा होत नाही. १९९२ साली एपीओई हे रक्तातली चरबी हटवायला मदत करणारं जनुक काढलेले उंदीर तयार झाले, त्यांना होतो. पण त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल माणसासारखं वाहत नाही. म्हणून प्रयोगशाळेत मानवी पेशींची छोटी धमनीच बनवतात.

आम्लात विरघळवलेलं कोलॅजेन, म्हणजे शरीरातल्या ऊतींना आधार देणारं प्रथिन, बर्फावर ठेवायचं, सोडियम हायड्रॉक्साइडनं उदासीन करायचं, त्यात स्नायुपेशी किंवा फायब्रोब्लास्ट (कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी) मिसळायचे आणि मधोमध बारीक सळई असलेल्या साच्यात ओतायचं. ३७ अंशांवर अर्ध्या तासात ते गोठतं. मग दाबून पाणी काढतात, नाहीतर नळी पंपाचा दाब सोसत नाही. सळई काढली की आत अस्तराच्या पेशी, म्हणजे एंडोथेलियल पेशी, सोडायच्या आणि नळी हळूहळू फिरवत ठेवायची. फिरवली नाही तर सगळ्या पेशी खालच्या बाजूला बसतात, वरची उघडीच राहते.

यापुढे सगळं प्रवाहावर अवलंबून. जायकवाडीच्या कालव्यात वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंदावतं, गाळ तिथंच बसतो. धमनीतही रोग फाट्याच्या बाहेरच्या भिंतीपाशी, जिथं रक्त मंदावतं आणि मागेपुढे हेलकावतं, तिथंच धरतो. मात्र इथं गाळ बसत नाही, काठच बदलतो. वाहतं रक्त अस्तराला घासतं. निरोगी धमनीत हा घर्षणताण साधारण १.५ पास्कल असतो. तो मिळाला की पेशी प्रवाहाच्या दिशेनं लांबट होतात, केएलएफ२ हे अस्तर राखणारं जनुक चालू होतं, धमनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. ताण ०.४ पास्कलच्या खाली गेला की पेशी आखूड, वेड्यावाकड्या होतात, सांधे सैल पडतात आणि पृष्ठभागावर व्हीकॅम-१ नावाचा चिकट रेणू उगवतो.

हा ताण नळीच्या त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ०.८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मिनिटाला २ मिलिलिटर पोषक द्रव सोडला, तर ताण जेमतेम ०.४६ पास्कल भरतो, कारण हा द्रव रक्ताहून बराच पातळ. म्हणून त्यात डेक्स्ट्रान ही साखरेच्या लांब साखळ्यांची पूड घालून तो दाट करतात. आता पेशींनी कोलॅजेन ओढून नळी २० टक्के आकसली, तर तोच पंप जवळजवळ दुप्पट ताण देतो. निकाल विचित्र आले की आधी व्यास मोजावा, नळीत तपासत असलेल्या औषधाला नंतर दोष द्यावा. प्रवाहही टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, कारण नव्यानं बसलेल्या पेशी झटक्यानं सुटतात. हवेचा एक बुडबुडाही अस्तर खरवडून नेतो.

मग एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, सोडायचं. त्याचा कण सुमारे २२ नॅनोमीटरचा. त्यावरच्या प्रथिनाच्या धनभारित भागांमुळे तो भिंतीतल्या प्रोटिओग्लायकन या ऋणभारित रेणूंना अडकतो, तिथंच बदलतो. व्हीकॅमला धरून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आत उतरतात, मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या पेशी, होतात आणि बदललेलं एलडीएल गिळतात. नेहमीच्या पेशीत कोलेस्टेरॉल वाढलं की एलडीएल घेणारं दार आकुंचतं. मॅक्रोफेजच्या या दाराला तो आवर नाही. पेशी फेसाळते. ऑइल रेड ओ रंगानं ती लाल दिसते, पण रंग ताजा गाळून घेतला नाही तर त्याचेच कण चरबी वाटतात. त्याहून मोठा धोका एलडीएलमध्ये मिसळलेल्या जिवाणूंच्या एंडोटॉक्सिन या विषाचा: व्हीकॅम त्यानंही उगवतो. म्हणून एलडीएलची प्रत्येक खेप आधी एंडोटॉक्सिनसाठी तपासावी लागते.

ड्यूक विद्यापीठाच्या गटानं २०२० मध्ये अशाच नळ्यांत बदललेलं एलडीएल आणि दाह वाढवणारं टीएनएफ-अल्फा सोडलं. मोनोसाइट भिंतीत साठले, आणि लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिल्यावर हे साठणं कमी झालं. या नळीत वर्षानुवर्षांचं काम दिवसांत उरकतं, म्हणून ती फक्त पहिली पायरी दाखवते. भिंतीत साठलेल्या चरबीची गाठ फुटणं, त्यावर रक्त गोठणं यांचं उत्तर तिच्याकडे मागू नये.