काळ्यावर काळं: रंगवलेलं की कोरलेलं?

न्यू मेक्सिकोतली काळी प्वेब्लो भांडी, म्हणजे तिथल्या मूलनिवासी गावांत घडणारी भांडी, दिसली की सॅन इल्डेफोन्सो आणि सांता क्लारा ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. गावं शेजारची, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातली. भाषा दोन्हीकडे तेवा. चाक कुठेच नाही, मातीच्या वळ्या रचूनच भांडं उभं राहतं.

काळेपणाही सारखाच येतो. भाजताना ऐन वेळी वाळलेल्या लिदीचा भुगा टाकून आग कोंडली, की लोहयुक्त लाल लेप काळा पडतो. हवा खेळती ठेवली तर तेच भांडं लाल निघतं. तकाकी दगडाने घोटून आणलेली असते. तिला ‘ग्लेझ’, म्हणजे काचेसारखा वितळलेला थर, म्हणणं कृपा करून थांबवा.

खरी गफलत नक्षीत होते. सॅन इल्डेफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती हुलियान यांनी १९१९च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी सिद्ध केली. मारिया भांडं घडवून घोटायच्या. त्या घोटलेल्या अंगावर हुलियान पातळ मातीने चित्र काढायचे. भाजल्यावर माती लागलेला भाग मंद राहतो, उरलेला चकाकतो. म्हणून आवान्यूचं, म्हणजे शिंगवाल्या जलसर्पाचं अंग चकाकत असेल, तर हुलियान यांचा कुंचला त्या अंगावर फिरलेलाच नाही. तो भोवतीने फिरला आहे. लोक नेमकं उलटं समजतात.

सांता क्लाराची ख्याती कोरीव कामाची. मार्गारेट टफोया (१९०४–२००१) यांचे मोठे घडे पाहा. माती ओलसर असतानाच नक्षी खोल कोरतात, वर राहिलेला भाग घोटतात, खाचा मंद ठेवतात. म्हणजे चकाकी आणि मंदपणाची जोडी इथेही आहेच, आणि समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. भांडं तिरप्या उजेडात धरा. नक्षीच्या कडेला सावली पडली तर कोरलेलं. सपाट राहिलं तर रंगवलेलं. कोरायचं म्हणून भिंतही जाड ठेवलेली असते.

नुसता आवान्यू पाहून गाव सांगू नका, तो दोन्हीकडे आहे. मला विचाराल तर रंगवलेलंच श्रेष्ठ: हुलियान यांनी मिंब्रेस या प्राचीन मूलनिवासी संस्कृतीच्या वाडग्यांवरून घेतलेली पिसांची नक्षी थाळीच्या काठाने फिरते, तिथे एका चुकलेल्या रेषेलाही लपायला जागा नाही. मात्र सॅन इल्डेफोन्सोतही कोरीव भांडी होतात आणि सांता क्लारातही रंगवलेली. त्यामुळे तंत्र उजेडात ओळखा, गावाचं नाव तळाची सही वाचूनच घ्या.