नाईटला वॉर्डात एकच सिस्टर आणि कापलेला अर्धा तास : पार्श्वभूमी

पुण्यातल्या खाजगी हॉस्पिटलांत सिस्टर्सना जेवणाची सुट्टी मिळत नाही तरी तिचा अर्धा तास कापला जातो, अशी तक्रार निघाली की पहिला प्रश्न हाच येतो, पगार तर महिन्याचा आहे मग अर्ध्या तासाचे पैसे कापले कुठे? सॅलरी स्लिपवर तसं काही दिसत नाही हे खरं आहे. ते दिसतं ड्युटी लावलेल्या कागदावर. ड्युटी आठ तासांची, पण पंचिंग ते पंचिंग साडेआठ तास, कारण मधला अर्धा तास ब्रेक म्हणून हिशोबातून बाहेर काढलेला असतो. आठवड्याला सहा ड्युट्या धरल्या तर तीन तास, वर्षाला दीडशेच्या आसपास. दिवसा निदान दुसरी कोणीतरी पेशंट बघायला असते, जेवून येता येतं. रात्री एकटी असेल तर ती जाणार कुठे, डबा काउंटरवरच उघडायचा, दोन घास खाल्ले की बेल वाजते, सलाईन बदलायचं, बीपी बघायचा, परत यायचं, आणि कागदावर मात्र ती तेवढा वेळ सुट्टीवर होती. हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट समजावून देण्यात, जाणारा वेळ तर कुणी मोजतच नाही.

अर्ध्या तासाची मागणी जुनी आहे आणि ती आपल्याकडचीच आहे. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी दिलेल्या अर्जात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाची मागणी होती (नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकाराने), आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती आली. पण तिथे अर्धा तास मशीनच बंद व्हायचं. वॉर्ड बंद करता येत नाही, त्यामुळे हॉस्पिटलात सुट्टी द्यायची म्हणजे त्या वेळेपुरतं दुसरं माणूस द्यायचं, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

हॉस्पिटल हा उद्योग आहे की नाही, म्हणजे तिथल्या कामगारांना औद्योगिक तंट्यांचा कायदा लागतो की नाही, यावर कोर्टात किती वर्षं गेली ते थोडक्यात सांगतो. १९६० मध्ये मुंबईच्याच एका सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्ड कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हो म्हटलं, १९७० मध्ये नाही म्हटलं, १९७८ मध्ये सात न्यायाधीशांच्या बेंचने परत हो म्हटलं. मग १९८२ मध्ये संसदेने हॉस्पिटलांना उद्योगाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती केली, पण तो भाग कधी लागूच केला नाही.

आता मुख्य भानगड, म्हणजे रेशो, किती पेशंटमागे एक सिस्टर तो. आपल्या राज्यात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे, त्यात शिकलेल्या नर्सेसचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते असं म्हटलंय. योग्य म्हणजे किती, हे कायद्याच्या त्या कलमात नाही. आकडा आला तो केंद्रीय पातळीवरच्या नर्सिंग परिषदेच्या शिफारशींतून. शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डसाठी १:३, इतर हॉस्पिटलांसाठी १:५, वर रजांसाठी ३० टक्के जादा जागा. हा १:३ ऐकून कोणालाही वाटेल की एका सिस्टरकडे तीन पेशंट. तसं नाहीये! तो आकडा तीन बेडमागे नोकरीची एक जागा असा, २४ तासांच्या तिन्ही शिफ्ट मिळून आहे. त्याच शिफारशीत पुढे लिहिलंय की प्रत्येक शिफ्टला १:९. म्हणजे १:५ चा तसाच हिशोब लावला तर शिफ्टला एका सिस्टरकडे १५ पेशंट होतात, आणि हे सगळं शिफारशीत बसतं.

३० बेडचा एक वॉर्ड घ्या. १:३ ने दहा जागा. वरचे ३० टक्के धरून तेरा. आठवड्याची सुट्टी सगळ्यांनाच असते त्यामुळे तेरातल्या साधारण दोघी रोज घरी, एखादी आजारी, एखादी बाळंतपणाच्या रजेवर, ती तर २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली आहे, आणि ती झाली हे चांगलंच झालं. उरल्या नऊ-दहा. सकाळी राउंड, ऑपरेशनला पाठवायचे पेशंट, डिस्चार्ज, त्यामुळे सकाळी जास्त लागतात, मग संध्याकाळी तीन, नाईटला दोन. दोन असल्या तर एक जेवते, एक बघते, म्हणजे निदान ब्रेक शक्य आहे. आता ते ३० टक्के काढून टाका, जे बऱ्याच ठिकाणी काढलेलेच असतात. दहा जागांतून सुट्ट्या वजा करून आठ उरतात, सकाळी चार, संध्याकाळी तीन, नाईटला एक. मॅनेजमेंट म्हणणार आमचा रेशो बरोबर आहे, आणि जागा मोजल्या तर खरंच बरोबर असतो, कधीकधी इन्चार्ज आणि ओपीडीच्या सिस्टरसुद्धा त्यातच मोजून. सरकारी हॉस्पिटलांसाठी केंद्रीय अर्थ खात्याच्या एका पथकाने पुढे १:६ चा आकडा दिला आणि वर ४५ टक्के जादा जागा सुचवल्या, म्हणजे रजा आणि सुट्ट्यांचा भार किती मोठा आहे हे सरकारच्या हिशोबतपासनीसांनाही मान्य होतं. तरी वाद नेहमी १:३ की १:६ यावरच होतो, त्या जादा जागांवर कुणी बोलत नाही. माझ्या मते नाईटचा प्रश्न तिथेच आहे.

ब्रेक लेबर खात्याच्या कायद्यात आणि रेशो आरोग्य खात्याच्या कागदात, हेही यातलं एक दुखणं. २०१७ च्या राज्याच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात हॉस्पिटल स्पष्टपणे धरलेलं आहे. तेव्हा त्यात होतं, दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर. पण त्याच कायद्याने दहापेक्षा कमी माणसं असलेली ठिकाणं यातून बाहेर काढली, आणि इन्स्पेक्टरच्या जागी फॅसिलिटेटर आला. नाव बदललं म्हणजे तपासणीचा सूरही बदलला, तो आता आधी सल्ला देणारा. आणि तपासायला आला तरी तो रजिस्टरमधली ब्रेकची वेळ बघणार, त्या वेळेत वॉर्डात कोण होतं हे त्याच्या फॉर्ममध्ये येत नाही. पेशंटची जबाबदारी अंगावर असताना खाल्लेला डबा ही सुट्टी कशी होईल, ती ड्युटीच आहे आणि तिचे पैसे मिळायला हवेत.

मधल्या काळात सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून २०१६ मध्ये खाजगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगारासाठी एक समिती बसली. २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली किमान २० हजार. कामाचे तास आणि रजासुद्धा सरकारीप्रमाणे. राज्यांना पत्रं गेली, पण ती शिफारसच होती. पेपरात चर्चा फक्त २० हजाराची झाली, तासांचा मुद्दा मागे पडला.

मग कोविड. २०२० च्या ऑगस्टअखेर पुण्यातल्या सीओईपी कॉलेजच्या मैदानावर ८०० बेडचं जंबो कोविड हॉस्पिटल उभं राहिलं, आणि बेड काही दिवसांत उभे करता येतात पण शिकलेल्या सिस्टर्स तशा उभ्या करता येत नाहीत हे अख्ख्या शहराने पाहिलं. पीपीई किट घातल्यावर तर ब्रेक हा शब्दच उरला नव्हता, किट काढलं की नवं लागतं म्हणून ड्युटी संपेपर्यंत पाणीसुद्धा न पिणाऱ्या सिस्टर्स होत्या. २०२२ च्या मे मध्ये सरकारी नर्सेस राज्यभर संपावर गेल्या तो मुद्दा कंत्राटी भरतीचा होता. एजन्सीकडून येणारी सिस्टर महिन्या-दोन महिन्यांनी बदलते, तिला वॉर्ड माहीत होईपर्यंत ती गेलेली असते, त्यामुळे मोजताना दोन आणि कामाला दीड अशी नाईटची अवस्था होते. २०२५ च्या जुलैमध्ये परत संप झाला.

आणि त्याच वर्षी राज्याने आस्थापना कायदा बदलला. नऊचे दहा तास, ब्रेक पाच तासांऐवजी सहा तासांनी, जादा कामाची मर्यादा तीन महिन्यांत १२५ वरून १४४ तास, आणि हे नियम आता २० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच. पेठांतली, कोथरूड-हडपसरची दहा-पंधरा बेडची नर्सिंग होम डोळ्यासमोर आणा. तिथे डॉक्टर, रिसेप्शन, मावशी, सिस्टर सगळे मिळून वीस होतातच असं नाही, आणि नाईटला एकटी सिस्टर सगळ्यात जास्त सापडते ती अशाच ठिकाणी.