गोव्याचा घाम आणि हिमालयाची थंडी

डिसेंबर तोंडावर आला की पणजी, म्हापसा, मडगावच्या ट्रेकिंग ग्रुपांवर सामानाच्या याद्या फिरू लागतात. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जायचं असतं, कुणी पहिल्यांदाच बर्फ बघणार असतं. यादी दरवर्षी साधारण तीच: दोन जाड स्वेटर, आतून घालायला चार सुती बनियन, 'उणे २० अंश' असं लिहिलेलं जॅकेट, कापराच्या वड्या आणि थंडी फारच वाजली तर म्हणून फेणीची लहान बाटली. या यादीतली सगळ्यांत धोक्याची वस्तू कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण फेणीकडे बोट दाखवतात. फेणीकडे नंतर येऊच. माझा मोठा आक्षेप त्या चार बनियनांवर आहे.

आपल्याला सुती कपडा इतका आवडतो याला कारण आपली हवा आहे. ३० अंशांवरची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाण्याची वाफ सामावून घेते, आणि गोव्यात बरेच महिने ती निम्म्याहून जास्त भरलेली असते. पावसाळ्यात तर जवळजवळ काठोकाठ. त्यामुळे आपला घाम उडत नाही, तो ओघळतो. ओघळलेला घाम टिपून घेणारा कापूस अंगाला बरा वाटतो. आता शून्य अंशांवरची हवा घ्या: तिच्यात जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते, उणे १० अंशांवर सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बर्फातली हवा जवळजवळ कोरडी. पण तीच हवा तुमच्या अंगाजवळ येऊन तापली की तिची वाफ घेण्याची क्षमता एकदम वाढते आणि ती त्वचेवरचा ओलावा ओढून घेऊ लागते. म्हणूनच डोंगरावर चढणाऱ्या गोवेकराला आपण घामाघूम झालो आहोत हे कळतच नाही. घाम दिसत नाही, ओघळत नाही. तो आतल्या कपड्यात शिरलेला असतो.

थोडा हिशेब करू. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना शरीर ५०० वॅटच्या आसपास शक्ती खर्च करतं आणि त्यातला फार तर चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष चढण्याच्या कामी येतो. बाकी सगळी उष्णता. ती बाहेर टाकायला घाम येतो, बर्फात चालतानाही येतो. समजा, विश्रांतीसाठी थांबलात तेव्हा बनियन आणि शर्टात मिळून १५० ग्रॅम घाम मुरला आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. मडक्यातलं पाणी याच हिशेबाने गार होतं. १५० ग्रॅमसाठी ३६० किलोजूल लागतील. तुमचं थांबलेलं शरीर एक तासभर जेवढी उष्णता तयार करतं, तेवढी ही. ६० किलोच्या माणसाच्या अंगातून ती सगळी भरपाईविना गेली असं धरलं तर शरीराचं तापमान पावणेदोन अंशांनी उतरेल. आतलं तापमान ३७ वरून ३५ अंशांच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. प्रत्यक्षात कुडकुडून शरीर बरीच भरपाई करतं, पण पहाटे तीनला समिटसाठी, म्हणजे माथा गाठायला निघालेल्या, उपाशीपोटी, दमलेल्या माणसाकडे कुडकुडायलाही इंधन कमी असतं.

त्यात भर म्हणून, कपड्याची ऊब म्हणजे मुळात धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा. कपडा स्वतः उष्णता तयार करत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे. कापसाचे धागे भिजले की फुगतात, लिबलिबीत होऊन अंगाला चिकटतात; जिथे हवा होती तिथे पाणी येतं, आणि वर घातलेले दोन जाड स्वेटर आतल्या ओल्या थराचं काहीही करू शकत नाहीत.

आता लोकरीकडे येतो. मला हा सगळा विषय आवडतो तो या एका धाग्यामुळे, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसानखांचंच प्रथिन. धाग्यावर बाहेरून खवले असतात आणि त्यांच्यावर मेदाचा अतिशय पातळ थर, त्यामुळे पाण्याचा थेंब पटकन आत शिरत नाही. पण वाफेचे सुटे रेणू त्या खवल्यांमधून आत जातात. आत प्रथिनांच्या साखळ्यांवर पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा असतात, तिथे ते रेणू हायड्रोजन बंधांनी अडकतात. वाफेने काठोकाठ भरलेल्या हवेत कोरडी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी असं पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. कापूस चाचणीसाठी ठरवलेल्या प्रमाण हवेत ७-८ टक्के पाणी धरतो, लोकर १६ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही.

खरी गंमत पुढे आहे. वाफ जेव्हा धाग्यात अडकते, तेव्हा ती वायूची अवस्था सोडते, आणि वाफ होताना घेतलेली उष्णता परत देते. बंध तयार होण्याची थोडी उष्णता वर मिळते. ३०० ग्रॅम लोकरीचा स्वेटर घ्या. सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असताना त्यात ३० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, ९० टक्क्यांना ६५ ग्रॅमच्या पुढे. म्हणजे कोरड्या जागेतून दमट, धुक्याच्या थंडीत गेलात तर स्वेटर सुमारे ३५ ग्रॅम वाफ गिळेल आणि जवळजवळ ८७ किलोजूल उष्णता सोडेल. स्वस्थ बसलेल्या शरीराच्या पाव तासाची उष्णता, स्वेटरच्या आतून. लोकरीची 'उष्ण प्रकृती' म्हणून जी सांगतात, तिच्यामागचं रसायन हे असं मोजता येतं.

मात्र ही उष्णता फुकटची नव्हे. स्वेटर पुन्हा कोरडा होताना तेवढीच उष्णता परत मागतो. काही कंपन्या लोकरीचा थर म्हणजे जणू अंगावरची शेगडी असल्यासारखी जाहिरात करतात, ती खोटी आहे. लोकर उष्णता निर्माण करत नाही, ती लांबणीवर टाकते. चढताना घामाची वाफ धाग्यात जमा होते, थांबल्यावर ती हळूहळू, बंध सोडवत सोडवत बाहेर पडते, त्यामुळे ती एका तासाची उष्णता एकदम ओरबाडली जात नाही. थंडीत जीव वाचतो तो या संथपणामुळे. कापूसही वाफ पकडतो, तोही उष्णता देतो, पण त्याची साठवण लवकर संपते, आणि मग घाम धाग्याबाहेर, धाग्याधाग्यांमधल्या हवेच्या जागी साचू लागतो.

यातून गोवेकरांसाठी एक खास गोष्ट निघते, जी मी कुठल्याही यादीत वाचलेली नाही. आपल्या कपाटातला स्वेटर दमट हवेत राहून आधीच भरलेला असतो. ८५ टक्के आर्द्रतेत ३०० ग्रॅम लोकरीत ६० ग्रॅम पाणी सहज असतं. तो तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेला आणि डोंगरावरच्या कोरड्या हवेत थेट अंगात चढवला, तर तो आधी स्वतः वाळणार, आणि वाळायला लागणारी उष्णता तुमच्याकडून घेणार. बेस कॅम्पच्या गावात पोचलात की दुपारच्या उन्हात स्वेटर, लोकरीचे मोजे, कानटोपी तासभर पसरून ठेवा. ती उष्णता सूर्याला देऊ द्या.

ओल्या लोकरीचं हे ज्ञान आपल्या मातीत मुळीच नवं नाही. पावसात शेतात किंवा गुरांमागे फिरताना डोक्यावरून कांबळ घेतलेली माणसं गोव्याच्या खेड्यांत वयस्कर लोकांनी पाहिलेली आहेत. ते कांबळ पाण्याने जड होतं, तरी आतलं माणूस गारठत नाही. ते अंगाला टोचतं, याचंही कारण आहे: ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धाग्याचं टोक वाकत नाही, ते त्वचेत रुततं. मेरिनो मेंढीचा धागा २० मायक्रॉनच्या आतबाहेर असतो, म्हणून तो नुसत्या अंगावर सोसतो. मेरिनोचे थर्मल महाग असतात हे खरं. परवडत नसतील तर गोव्यातल्या प्रत्येक घरात असलेली एक वस्तू चालते: फुटबॉलची जर्सी. पॉलिएस्टर पाणी पोटात घेत नाही, घाम पसरवून वरच्या थराकडे पोचवतं आणि लवकर वाळतं. वास मारते, पण काम करते. आत जर्सी किंवा मेरिनो, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचा थर, सर्वांत वर वाऱ्यापावसाचं जॅकेट. आणि निघताना जरा थंडी वाजत असतानाच निघा. दहा मिनिटांच्या चढात ती जाते. चालताना डाउन, म्हणजे पिसं भरलेलं जॅकेट सॅकमध्ये हवं, थांबल्याबरोबर अंगावर. बदकाची पिसं ओली झाली की गोळा होतात आणि त्यांच्यातली हवा संपते, तेव्हा त्यांना घामापासून जपायला हवं.

'ब्रीदेबल', म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पडद्याच्या जॅकेटांविषयी तक्रार ऐकू येते की चोर्ला घाटात जूनमध्ये ती घातली तर आत आंघोळ होते. जॅकेट खराब नसतं. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. ३३ अंशांच्या ओल्या त्वचेजवळ तो दाब ५ किलोपास्कल असतो. जूनमध्ये २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला बाहेर ३.२ असतो, उरला फरक १.८. शून्य अंशाच्या, ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत बाहेर फक्त ०.३७, फरक साडेचारच्या पुढे. तेच कापड तिथे अडीच पट जोराने वाफ बाहेर ढकलू शकतं. पण त्याची आतली बाजू फार गार पडली तर वाफ बाहेर जाण्याआधी तिथेच गोठते, म्हणून जोराच्या चढावर चेन उघडी ठेवणं हे कुठल्याही पडद्यापेक्षा परिणामकारक.

'उणे २०' या आकड्यावर जॅकेट घेऊ नका. उभं राहायचं की चालायचं, वारा किती, आत काय घातलंय, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. स्लीपिंग बॅगची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी आयएसओ २३५३७ हे मानक आहे आणि त्यात कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम असे तापमानाचे आकडे असतात. बॅग घेताना कम्फर्टचा आकडा बघा. एक्स्ट्रीमचा आकडा झोपेचा नसतो, जीव कसाबसा तगण्याचा असतो.

आता फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपली आहे आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. थंडीचे बहुतेक संवेदक त्वचेत असल्यामुळे अंग गरम झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आतलं गरम रक्त थंड हवेजवळ येऊन उष्णता गमावतं. शिवाय मद्य कुडकुडणं दाबतं आणि रक्तातली साखर उतरवतं. कुणी धडपडू लागला, बोलणं जड झालं, कुडकुडायचाच थांबला, तर ओले कपडे काढून कोरडे घाला, जमिनीचा गारवा लागू नये असं खाली काही अंथरून स्लीपिंग बॅगेत ठेवा आणि शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्या. फेणी नको.

कापूर हुंगल्याने प्राणवायू वाढतो, हीसुद्धा निव्वळ अंधश्रद्धा आहे. केदारकंठ्याच्या माथ्यावर, म्हणजे ३,८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६२-६३ टक्के असतो, आणि गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोसोगडसुद्धा १,२०० मीटरला पोचत नाही, तेव्हा विरळ हवेची सवय आपल्याला घरून होण्याचा प्रश्नच नाही. कापराने नाक मोकळं झाल्याचा भास होतो, दाब तोच राहतो. डोकं ठणकत असेल, मळमळत असेल तर वर चढणं थांबवायचं. वाढत गेलं तर उतरायचं. हुंगत हुंगत पुढे जाणारा माणूस नेमकी उतरायची वेळ घालवतो.

परत आल्यावर सामान ठेवण्याबद्दल. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग दाबून पिशवीत कोंबू नका. पूर्ण वाळवून, मोकळी, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवा, आणि पावसाळ्यात पुड्या मधूनमधून बदला. नाहीतर चवथीपर्यंत बुरशी धरलेली असते.

बुटांकडे मात्र कुणी बघत नाही. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्याचा मधला थर पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. त्याच्या रेणूंच्या साखळीतले एस्टर नावाचे बंध पाण्याच्या वाफेने तुटतात, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वाढवतं. ऊब आणि ओल जितकी जास्त, तितका हा वेग जास्त. म्हणूनच न वापरता कपाटात जपून ठेवलेले बूट काही वर्षांनी वरून नव्यासारखे दिसतात आणि बर्फात पहिल्याच दिवशी तळवा सोडतात. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी मधल्या थरावर अंगठा दाबून बघा, बूट वाकवून बघा, आणि सॅकमध्ये वजन घालून सत्तरी तालुक्याच्या रानात एक पूर्ण दिवस चाला. चिरा दिसल्या, कडेने भुगा पडला किंवा थर चिकट लागला, तर ते बूट घरीच राहू द्या. चांभार तळवा पुन्हा चिकटवून देईल, पण ज्याला चिकटवायचं तो थरच आतून विरत चाललेला असतो.