धमनीच्या मध्यस्तराचे कॅल्सीभवन

धमनीच्या भित्तीतील मधल्या, स्नायुमय थरात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार साचून ती ताठर होण्याच्या विकृतीस मध्यस्तराचे कॅल्सीभवन म्हणतात. जर्मन विकृतिवैज्ञानिक योहान गेओर्ग म्यॉन्केबर्ग यांनी १९०३ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावानेही ओळखली जाते. अथेरोस्क्लेरोसिसमध्ये मेदयुक्त थर आतल्या अस्तरात साचून रक्तमार्ग अरुंद करतो. येथे मार्ग बहुधा मोकळा राहतो, भित्तीची लवचिकता मात्र जाते. दोन्ही विकार एकाच रुग्णात असणे मुळीच विरळ नाही.

वाढते वय, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार ही याची प्रमुख पार्श्वभूमी होय. वयपरत्वे होणारी निव्वळ झीज ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. मध्यस्तरातील स्नायुपेशी हाड घडवणाऱ्या पेशींचे गुण धारण करतात आणि हाडातलेच खनिज, म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट, भित्तीत साचू लागते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तात वाढणारे फॉस्फेट या बदलाला चालना देते, तर मॅट्रिक्स जीएलए हे प्रथिन त्याला आवर घालते. ते प्रथिन कार्यक्षम होण्यास के जीवनसत्त्व लागते आणि वॉरफरीन हे रक्त गोठू न देणारे औषध नेमकी तीच क्रिया अडवते.

रक्तमार्ग मोकळा आहे म्हणून विकार निरुपद्रवी, हा निष्कर्ष घातक आहे. मोठ्या धमन्या ताठरल्या की वरचा रक्तदाब चढतो व हृदयाचा डावा कप्पा जाडावतो. मधुमेही पायाच्या तपासणीत तर फसगतच होते. घोट्याजवळच्या दाबाला दंडावरच्या दाबाने भागून येणारे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असल्यास पायाच्या रक्तपुरवठ्यात अडथळा मानतात; परंतु ताठर धमनी रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याच्या दाबाने मिटत नाही, त्यामुळे आकडा १.४ च्याही वर जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अगदी सामान्य दिसतो आणि न भरणारी जखम असूनही रक्तपुरवठा ठीक असल्याची नोंद होते. पायाच्या बोटांतील धमन्या सहसा या विकृतीतून वाचतात, म्हणून अशा रुग्णात अंगठ्याचा दाब मोजावा. तेथील गुणोत्तर ०.७ पेक्षा कमी असणे चिंतेचे आहे. साध्या एक्स-रेमध्येही पोटरीत किंवा पावलात रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेषा दिसतात. त्या बऱ्याचदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात आढळतात आणि तेवढ्यावरच सोडून दिल्या जातात. त्या अहवालात नोंदवल्या गेल्याच पाहिजेत.

साचलेले क्षार काढून टाकणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. फॉस्फेट, रक्तशर्करा व रक्तदाब यांचे नियंत्रण आणि धूम्रपानत्याग यांवरच उपचारांचा भर असतो.